कुत्र्यांच्या हृदयांतील जंत : प्रतिबंध व उपचार

जनावरांच्या आरोग्याचा विचार निघाला म्हणजे बैल, गाय, म्हैस व शेळी यांच्याकडे आपलें लक्ष प्रथम जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु मळ्यांतील वस्तीवर रात्रभर जागणारा कुत्रा हाहि शेतकऱ्याचा एक इमानी चाकरच होय. रानडुकरांनीं भुईमूग उकरूं नये, गोठ्यांतील वासरावर बिबट्यानें झडप घालूं नये, खळ्यावरील धान्य चोरीस जाऊं नये, यासाठीं ज्याच्यावर आपण भिस्त ठेवतों, तो आजारी पडला म्हणजे मात्र त्याची विचारपूस बहुधा होत नाहीं. ‘आतां म्हातारा झाला, धांवत नाहीं,’ एवढेंच बोलून आपण त्याचा नाद सोडतों. पुष्कळदां हें म्हातारपण नसून रोग असतो, व तो टाळतां येण्यासारखा असतो.

अशा रोगांपैकीं हृदयांतील जंतांचा रोग हा एक आहे. त्याची माहिती येथें देण्याचीं कारणें दोन आहेत. पहिलें असें कीं, चांगल्या जातीचीं पिलें दूरदूरच्या प्रांतांतून विकत आणण्याची चाल आतां खेड्यांतहि पडली आहे, व त्यांच्याबरोबर त्यांचे रोगहि येतात. दुसरें व अधिक महत्त्वाचें कारण असें कीं, गुरांच्या गोचिडांवर व जंतांवर आणलेलें आयव्हरमेक्टिनचें औषध अंदाजानें कुत्र्यासहि टोंचण्याचा मोह अनेकांना होतो. त्यापासून काय अनर्थ होऊं शकतो, हें पुढें हिशेबासह दाखविलें आहे.

रोगाचें कारण व प्रदेश

हा रोग डायरोफायलेरिया इमिटिस नांवाच्या जंतापासून होतो. अमेरिकेंतील जोसेफ लायडी या शास्त्रज्ञानें १८५६ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आपल्याकडे विदर्भांत व कोंकणांत परिचित असलेला जो हत्तीरोग, त्याचे जंत व हे जंत एकाच मोठ्या कुळांतील आहेत. मात्र दोन्ही जाती निराळ्या असून कुत्र्यापासून माणसास हत्तीरोग होत नाहीं. १८७७ सालीं पॅट्रिक मॅन्सन यांनीं चीनमधील अमॉय बंदरांत हत्तीरोगाच्या जंतांची बाल्यावस्था डांसाच्या शरीरांत वाढते, असें दाखविलें. पुढें १९०० सालीं इटलींतील ग्रासी व नोए यांनीं कुत्र्याच्या हृदयजंताचा प्रसारहि डांसाच्या दंशानेंच होतो, हें सिद्ध केलें.

उष्ण व दमट हवा आणि विपुल डांस जेथें असतील तेथें हा रोग फोंफावतो. अमेरिकेचा दक्षिण किनारा व मिसिसिपी नदीचें खोरें, इटलींतील पो नदीचें खोरें, जपान व ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग हे त्याचे प्रसिद्ध प्रदेश होत. भारतांत तो मुख्यतः आसाम व त्याच्या आसपासच्या ईशान्येकडील राज्यांत आढळतो. महाराष्ट्रांत तितका सर्रास नाहीं. मुंबई व दिल्ली येथील कुत्र्यांच्या रक्ताची जी तपासणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली, तींत याच जंताचा चुलत भाऊ म्हणतां येईल असा डायरोफायलेरिया रेपेन्स नांवाचा जंत आढळला. हा दुसरा जंत कातडीखालीं राहतो. हृदयांत जात नाहीं. तेव्हां महाराष्ट्रांतील कुत्र्याच्या रक्तांत सूक्ष्म जंत दिसले, एवढ्यावरून त्यास हृदयजंतच झाले असें समजणें चूक आहे. परंतु हवा, पाऊस व डांस हीं तीन्ही अंगें आपल्याकडे हजर असल्यामुळें रोगी कुत्रा आल्यास रोगास येथें थारा मिळणें अशक्य नाहीं.

जंताची जीवनयात्रा

प्रतिबंधाचें सर्व मर्म या जंताच्या जीवनक्रमांत आहे. म्हणून तो नीट समजून घ्यावा. पूर्ण वाढलेले जंत पांढऱ्या बारीक दोऱ्यासारखे दिसतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते, व नर तिच्याहून बराच आंखूड असून त्याच्या शेपटीस पीळ असतो. हृदयाच्या उजव्या भागांतून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या ज्या वाहिन्या, त्यांत यांचें मुख्य ठाणें असतें. संख्या फार वाढली म्हणजे ते हृदयाच्या उजव्या कप्प्यांतहि उतरतात. त्यांचें आयुष्य ५ ते ७ वर्षांचें असतें.

मादी अंडीं न घालतां जिवंत सूक्ष्म पिलें रक्तांत सोडते. हीं पिलें एका मिलिमीटरच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याएवढीं असून नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत. तीं रक्तांत महिनोन्‌महिने फिरत राहिलीं तरी कुत्र्याच्या शरीरांत त्यांची वाढ होत नाहीं. त्यासाठीं तीं डांसाच्या पोटांत जावीं लागतात. डांसानें रोगी कुत्र्याचें रक्त शोषिलें म्हणजे त्याबरोबर तीं त्याच्या शरीरांत जातात, तेथें दोन वेळां कात टाकतात, व हवेचें उष्णतामान २७ अंश सेल्सिअसच्या सुमारास असेल तर १० ते १४ दिवसांत दुसऱ्या कुत्र्यास बाधण्याजोगी अळी तयार होते. उष्णतामान १४ अंशांखालीं गेलें तर ही वाढ थांबते. आपल्याकडील पावसाळ्याची हवा या कामास किती अनुकूल आहे, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

असा डांस पुढें दुसऱ्या कुत्र्यास चावला म्हणजे ही अळी त्याच्या कातडीवर उतरते व दंशाच्या छिद्रांतून आंत शिरते. कांहीं दिवसांतच ती पुन्हां कात टाकते. त्यानंतर ५० ते ७० दिवसांपर्यंत ती मांसांतून प्रवास करीत करीत वाढते, मग शेवटची कात टाकून लहानसा जंत बनते, रक्तांत शिरते व फुप्फुसांच्या वाहिन्यांत जाऊन बसते. दंशापासून सुमारें ६ ते ७ महिन्यांनीं हे जंत प्रौढ होऊन नवीं पिलें रक्तांत सोडूं लागतात, आणि चक्र पुन्हां सुरू होतें.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, डांसावांचून हा रोग पसरत नाहीं. रोगी कुत्र्याशेजारीं बांधल्यानें, एका थाळींत खाल्ल्यानें किंवा चाटल्यानें तो दुसऱ्यास होत नाहीं. सबब रोगी कुत्र्यास हांकून देण्याचें कारण नाहीं. दुसरी, शरीरांत शिरलेली अळी पहिले कांहीं आठवडे कोंवळी असते व त्या मुदतींत सौम्य औषधानेंहि मरते. ती मुदत टळली म्हणजे तेंच औषध निरुपयोगी ठरतें. पिकांत तण दोन पानांवर असतांना खुरपणें व तें फुलावर आल्यावर उपटणें यांत जो फरक, तोच येथें आहे.

लक्षणें

रोगाच्या आरंभीं कांहींच लक्षण दिसत नाहीं, हाच त्यांतील कपटाचा भाग होय. पुढें कोरडा खोकला येऊं लागतो. पूर्वीं गाडीबरोबर मैल दोन मैल दौडणारा कुत्रा थोड्या धांवण्यानें बसकण मारतो. मुधोळ किंवा कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्यांत हा फरक लवकर लक्षांत येतो. दारांत बसून राखण करणाऱ्यांत तो उशिरां दिसतो. मग अंग झडतें, बरगड्या दिसूं लागतात, श्रम झाले असतां भोंवळ येते, व हृदय थकल्यामुळें पोटांत पाणी सांठून पोट लोंबतें. जंतांचा गुंता हृदयाच्या तोंडाशीं अडकला तर कुत्रा एकाएकीं कोसळतो, हिरड्या पांढऱ्या पडतात व लघवी कॉफीसारख्या काळपट तांबड्या रंगाची होते. ही अवस्था प्राणांतिक होय. अशा वेळीं मानेंतील शिरेवाटे जंत ओढून काढण्याची शस्त्रक्रिया तत्काळ झाली तरच कुत्रा वांचण्याची आशा असते.

मात्र प्रत्येक खोकणारा कुत्रा हृदयजंतानेंच खोकतो असें नाहीं. सांसर्गिक खोकला, फुप्फुसांचा दाह व हृदयाचे इतर विकार यांतहि हींच लक्षणें होतात. गोचिडांपासून होणाऱ्या तापांतहि हिरड्या पांढऱ्या पडतात व लघवी लाल होते, आणि हे ताप आपल्याकडे पुष्कळ आहेत. लक्षणांवरून घरीं निदान न करतां रक्त तपासून घेणें हाच राजमार्ग होय.

रक्ताची परीक्षा

परीक्षा दोन प्रकारची आहे. पहिलींत रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून वळवळणारीं पिलें पाहतात. पिलें थोडीं असल्यास एका थेंबांत तीं सांपडत नाहींत. म्हणून १ मिलिलिटर रक्त ९ मिलिलिटर फॉर्मॅलिनच्या सौम्य पाण्यांत मिसळून यंत्रांत फिरवितात व तळाशीं बसलेला गाळ पाहतात. सायंकाळीं व रात्रीं हीं पिलें अंगावरील रक्तांत अधिक येतात. यास्तव त्या वेळचें रक्त घेतल्यास चुकण्याचा संभव कमी होतो. पिलांच्या आकारावरून हृदयजंत व कातडीखालील जंत यांतील भेदहि जाणत्यास ओळखतां येतो.

दुसऱ्या परीक्षेंत प्रौढ मादीच्या अंगांतून रक्तांत उतरणारें द्रव्य ओळखणारी पट्टी वापरतात. थोड्याच मिनिटांत तिच्यावर निर्णय दिसतो. परंतु डांस चावल्यापासून सुमारें ६ महिने लोटेपर्यंत ती कांहींच दाखवीत नाहीं. तसेंच सर्वच जंत नर असल्यास तिचा उपयोग होत नाहीं. म्हणून शक्य तेथें दोन्ही परीक्षा कराव्या. आसामकडून अगर रोगाच्या दुसऱ्या प्रदेशांतून कुत्रा आणल्यास आल्याबरोबर एकदां व ६ महिन्यांनीं पुन्हां रक्त तपासावें. तालुक्याच्या दवाखान्यांत सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत चौकशी करावी. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें महाविद्यालय असून नागपूर, परभणी, शिरवळ व उदगीर येथेंहि अशीं महाविद्यालयें आहेत.

प्रतिबंध

प्रतिबंधाचे मार्ग दोन : डांस कमी करणें व कोंवळ्या अळ्या औषधानें मारणें. पहिला मार्ग माणसें व गुरें यांच्याहि हिताचा आहे. अंड्यापासून डांस होण्यास उन्हाच्या दिवसांत ८ ते १० दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस कोरडा पाळून रांजण, हौद, जनावरांच्या पाण्याचीं भांडीं रितीं करून घांसावीं. गोठ्याच्या मोरीचें पाणी सांचूं न देतां पाटानें झाडांस द्यावें. जुने टायर, फुटके डबे व नारळाच्या करवंट्या यांत पावसाचें पाणी सांठूं देऊं नये. न उपसतां येणाऱ्या टाक्यांत व डबक्यांत गप्पी मासे सोडावे. कडुनिंबाच्या पाल्याच्या धुरानें डांस घटकाभर दूर होतात, पण रात्रभर उघड्यावर राखण करणाऱ्या कुत्र्यास तेवढ्यानें पुरेसें संरक्षण मिळत नाहीं.

दुसरा मार्ग म्हणजे महिन्यास एकदां द्यावयाचें औषध. आयव्हरमेक्टिन किंवा मिल्बेमायसिनची गोळी, अथवा मानेवर कातडीस लावावयाचें सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन, यांपैकीं एक पशुवैद्य निवडून देतात. यांतील आयव्हरमेक्टिनचें मूळ जपानच्या मातींतील एका सूक्ष्म जीवांत आहे. तें शोधणारे सातोशी ओमुरा व विल्यम कँबेल यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८१ सालीं तें गुरांसाठीं बाजारांत आलें व १९८७ सालीं कुत्र्यांच्या हृदयजंतावर त्याचा महिन्याचा डोस सुरू झाला.

हें औषध पुढील महिन्यासाठीं अंगांत सांठून राहतें अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं. बहुतेक गोळ्यांचें काम मागील महिन्यांत शिरलेल्या अळ्या मारणें हें होय. म्हणून डांसांचा हंगाम संपला तरी शेवटच्या दंशानंतरचा डोस चुकवूं नये. जेथें बारा महिने डांस आहेत तेथें बारा महिने औषध चालूं ठेवावें. तारीख ध्यानांत राहावी म्हणून प्रत्येक महिन्याची एकच तिथि अथवा तारीख ठरवावी. डोस चुकल्यास आठवण होतांच द्यावा व सुमारें ७ महिन्यांनीं रक्त तपासावें. ज्या प्रदेशांत रोग आहे तेथें पिलूं ८ आठवड्यांचें होतांच औषध सुरू करतात. ७ महिन्यांहून मोठ्या कुत्र्याचें रक्त आधीं तपासल्याखेरीज औषध सुरू करूं नये. कारण रक्त पिलांनीं भरलेलें असतां तीं एकदम मेलीं तर कुत्र्यास झटका येऊन तो दगावूंहि शकतो. हत्तीरोगावर माणसांस देण्यांत येणाऱ्या डायएथिलकार्बामेझिनच्या गोळ्याहि अशा कुत्र्यास फार घातक आहेत. घरांत शिल्लक आहेत म्हणून त्या देऊं नयेत.

महाराष्ट्रांतील प्रत्येक कुत्र्यास हें औषध दिलेंच पाहिजे असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्या भागांतील रोगाचें मान, कुत्र्याचा मूळ प्रदेश व त्याचा प्रवास हें सांगून पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. यांतील कांहीं औषधांनीं पोटांतील जंत व पिसवा यांचाहि बंदोबस्त होतो. तो लाभहि हिशेबांत धरावा.

गुरांच्या औषधाचा धोका

आतां आरंभीं सांगितलेल्या हिशेबाकडे वळूं. गुरांस टोंचावयाच्या आयव्हरमेक्टिनच्या नेहमींच्या बाटलींतील १ मिलिलिटर औषधांत १०,००० मायक्रोग्रॅम मूळ द्रव्य असतें, व तें गुरांच्या ५० किलो वजनास पुरतें. हृदयजंत टाळण्यासाठीं कुत्र्यास किलोमागें अवघे ६ मायक्रोग्रॅम लागतात. म्हणजे २० किलो वजनाच्या कुत्र्यास १२० मायक्रोग्रॅम पुरे. यावरून १ मिलिलिटरमध्यें अशा ८३ कुत्र्यांचा डोस होतो! साध्या पिचकारीनें मिलिलिटरचा त्र्यायशींवा भाग मोजणें कोणासहि शक्य नाहीं. ‘थोडेंसेंच’ म्हणून १ मिलिलिटर टोंचलें तर त्या कुत्र्यास किलोमागें ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे योग्य मानाच्या ८० पटींहून अधिक, औषध जातें.

कित्येक कुत्रे हें सोसतात, व त्यामुळेंच ही चाल फैलावते. परंतु कॉली, शेटलंड मेंढपाळ वगैरे जातींच्या पुष्कळ कुत्र्यांत मेंदूस औषधापासून राखणारा पडदा जन्मतःच उणा असतो. हा दोष २००१ सालीं उघडकीस आला. अशा कुत्र्यांस महिन्याचा लहान डोस सोसतो, पण किलोमागें १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलें कीं विषबाधा होऊं शकते. झोंकांड्या जाणें, बुबुळें विस्फारणें, लाळ गळणें, दिसेनासें होणें, झटके व शेवटीं बेशुद्धि असा क्रम लागतो. यावर उतारा नाहीं. दवाखान्यांत दिवसचे दिवस शुश्रूषा करणें एवढाच उपाय उरतो. संकर जातींच्या कुत्र्यांत हा दोष वरून ओळखतां येत नाहीं. म्हणून गुरांची बाटली कुत्र्यासाठीं वापरूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

उपचार

प्रौढ जंत ठाण मांडून बसल्यावर उपचार लांब, खर्चाचा व जोखमीचा होतो. त्यांस मारणारें मुख्य औषध मेलार्सोमिन हें सोमलापासून तयार केलेलें असून तें पशुवैद्य कमरेच्या खोल मांसांत टोंचतात. आधीं ४ आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. जंतांच्या शरीरांत वस्ती करून असलेले व त्यांना जगण्यास लागणारे सूक्ष्म जीव त्यानें मरतात व जंत दुबळे होतात. जोडीला महिन्याचें प्रतिबंधक औषध चालूं असतें. नंतर महिनाभर थांबून सुमारें साठाव्या दिवशीं पहिलें इंजेक्शन, व त्यापुढें एका महिन्यानें लागोपाठ दोन दिवस दोन इंजेक्शनें, असा सध्यांचा मान्य क्रम आहे. वर्षाच्या सुमारास रक्त तपासून जंत गेल्याची खात्री करतात.

येथें खरें संकट औषधाचें नसून मेलेल्या जंतांचें असतें. मेलेला जंत तुकडे होऊन फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतो. कुत्रा त्या वेळीं धांवला तर रक्ताचा जोर वाढून वाहिन्या तुंबतात. ताप येतो, खोकल्यांतून रक्त पडतें व मृत्यूहि येतो. म्हणून निदान झाल्यापासून शेवटच्या इंजेक्शननंतर ६ ते ८ आठवड्यांपर्यंत त्यास बांधून अगर लहान खोलींत शांत ठेवावें लागतें. शेतकऱ्यास हेंच सर्वांत कठीण जातें. कारण कुत्रा बरा दिसूं लागला कीं त्यास राखणीस सोडावें असें वाटतें. त्या मुदतींत राखणीची दुसरी सोय करावी, पण कुत्र्यास सोडूं नये.

मेलार्सोमिन सर्वत्र मिळत नाहीं. तें न मिळाल्यास मॉक्सिडेक्टिन दरमहा लावून आरंभीं महिनाभर डॉक्सिसायक्लिन देण्याची दुसरी पद्धत आहे. तींत जंत सावकाश मरतात. दहा महिने, वर्ष किंवा त्याहूनहि अधिक काळ लागतो, व तोंवर वाहिन्यांची झीज चालूं राहते. म्हणून ती नाइलाजाचा मार्ग समजावी. पोटांतील जंतांच्या नेहमींच्या गोळ्या, लसूण किंवा कडुनिंबाचा रस यांचा रक्तवाहिन्यांतील जंतांवर गुण येत नाहीं. औषध सोमलाचें आहे असें ऐकून घरीं सोमल देण्याचें साहस तर कोणीं करूंच नये. तें सरळ विष होय.

माणसास भय आहे काय ?

माणसास डांसामार्फत ही अळी क्वचित् बाधते, पण ती बहुधा प्रौढ न होतां फुप्फुसांत मरते व तेथें लहानशी गांठ राहते. कातडीखालील जंतापासून डोळ्याच्या पापणींत किंवा कातडींत गांठ झाल्याचीं उदाहरणें केरळांत पुष्कळ नमूद आहेत. कुत्र्यास शिवल्यानें यांपैकीं कांहींहि होत नाहीं.

तात्पर्य, पुढील सूचना ध्यानांत ठेवाव्या :

१. परप्रांतांतून आणलेल्या कुत्र्याचें रक्त आल्याबरोबर व ६ महिन्यांनीं तपासावें.

२. पाणी सांचूं देऊं नये. आठवड्यास एक दिवस कोरडा पाळावा.

३. प्रतिबंधक औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानें, कुत्र्याचें वजन करून व ठरल्या तारखेस द्यावें.

४. गुरांचें किंवा माणसांचें औषध कुत्र्यास देऊं नये.

५. खोकला, धाप व अंग झडणें यांस म्हातारपण समजून स्वस्थ बसूं नये.

६. उपचार चालूं असतांना कुत्र्यास पूर्ण विश्रांति द्यावी.

बैलाच्या खांद्याची सूज आपण ज्या दक्षतेनें पाहतों, तिचा थोडासा अंश दारच्या राखणदाराच्या वांट्यास आला तर त्याचीं उमेदीचीं वर्षें व आपली राखण दोन्ही वांचतील.